तासाभराचा पार्टी-मिक्स: गाणी निवडण्यापासून हलगीच्या थापेपर्यंत

गणपतीला किंवा दिवाळीला पुण्या-बंगळूरहून दोस्तमंडळी बेळगावात आली की कुणाच्या तरी गच्चीवर, नाहीतर खानापूरकडच्या एखाद्या मळ्यात बैठक ठरतेच. अशा बैठकीसाठी वेळेवर बेतलेला गाण्यांचा मिक्स घरच्या घरी कसा करायचा, हे पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी लिहितो आहे. एक साधा लॅपटॉप, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढं पुरतं.

हा मिक्स ज्या खेळासाठी करायचा, तो मूळचा अमेरिकेतल्या कॉलेजांचा, नाव ‘पॉवर अवर’. साठ मिनिटं, साठ गाणी, प्रत्येक गाण्याचं एकच मिनिट. गाणं बदललं की प्रत्येकाने छोट्या ग्लासातली बिअर संपवायची. हाच खेळ शंभर मिनिटांपर्यंत ताणला की त्याला ‘सेंच्युरी क्लब’ म्हणतात. घड्याळ कुणालाच बघावं लागत नाही, गाणं बदललं हीच खूण. त्यामुळे मिक्स ज्याने केला, त्या रात्री कुणी किती प्यायचं हेही त्यानेच ठरवलेलं असतं. ही जबाबदारी मी फार मोठी मानतो, म्हणून गाण्यांच्या आधी हिशोब.

आधी माप

मूळ खेळातला छोटा ग्लास साधारण ४५ मिलीचा. साठ वेळा म्हणजे २,७०० मिली. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलीची, म्हणजे तासाभरात माणशी चार बाटल्यांहून जास्त. बिअर ५ टक्क्यांची धरली तरी त्यात शुद्ध अल्कोहोल शंभर ग्रॅमच्या वर जातं, आणि शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकालात काढू शकतं. उरलेलं रक्तातच फिरत राहतं. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते, तिचं गणित याहून भयानक. मूळ नियमाने हा खेळ खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गंमत गाण्यांच्या वेगात आहे आणि ती पिण्याचं माप कमी केल्याने जराही कमी होत नाही.

मी सुचवतो तो आराखडा असा: वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, मध्ये पाच-पाच मिनिटांची दोन विश्रांती, एकूण ७० मिनिटं. गाणं दर मिनिटाला बदलेल, पण घोट दर तिसऱ्या मिनिटालाच. प्रत्येक भागात ३, ६, ९, १२, १५ आणि १८ व्या मिनिटाला, म्हणजे एका भागात सहा आणि सगळे मिळून अठरा. घोट ३० मिलीचा. पेग मोजायचं जे स्टीलचं माप असतं, त्याची छोटी बाजू. अठरा गुणिले तीस म्हणजे ५४० मिली, एका मोठ्या बाटलीपेक्षा कमीच. याच मापाने व्हिस्की किंवा रम घेतली तर पाऊण बाटली पोटात जाईल, आणि त्याने माणूस मरू शकतो. तेव्हा हा खेळ फक्त साध्या बिअरचा. न पिणाऱ्यांनी त्याच थापेला कोकम सरबत किंवा ताक घ्यायचं. मिक्स सगळ्यांचा एकच, ग्लासात काय आहे हे ज्याचं त्याने ठरवावं आणि त्यावरून कुणी कुणाला टोकू नये.

गाण्यांची यादी

साठ गाणी लागतात, पण यादी ऐंशीची करा. कापायला बसल्यावर आठ-दहा गाण्यांत चांगलं मिनिट सापडत नाही आणि काहींची फाइलच खराब निघते.

आपल्या सीमाभागातल्या बैठकीत एका भाषेची माणसं क्वचितच असतात. एक मराठी शाळेतला, दुसरा कन्नड माध्यमातला, कुणाचा तरी गोव्याचा मावसभाऊ, आणि कॅम्पातला एखादा ज्याच्या घरी हिंदी-उर्दू चालते. चौघांनाही आपापलं गाणं मिळायला हवं आणि दुसऱ्याच्या गाण्यावरही पाय हलायला हवा. माझा नियम सोपा आहे: एका भाषेची सलग दोनपेक्षा जास्त गाणी नकोत. मराठी लावणीच्या ठेक्यावरून कन्नड सिनेमातल्या नाचाच्या गाण्यावर गेलात तर वेग जुळतो. कोळीगीतानंतर कोंकणी गाणं चपखल बसतं. नव्वदीतलं हिंदी गाणं कुठेही घाला, ते सगळ्यांना पाठ असतं.

यादीतून तीन प्रकार बाहेर ठेवा. पहिला, देवाधर्माची गाणी. अभंग, कन्नड शरणांची वचनं, आरत्या कितीही ठेक्याच्या असल्या तरी ग्लास हातात असताना नकोत. समोरच्या चार जणांतल्या एकाला तरी ते टोचतं आणि त्याचं बरोबर असतं. दुसरा, भाषेच्या आणि सीमेच्या अभिमानाची घोषणागीतं, दोन्ही बाजूंची. १ नोव्हेंबरला इथे एका घरी राज्योत्सव असतो आणि शेजारच्या घरी काळा दिवस. त्या भावना खऱ्या आहेत, म्हणूनच त्यांना तिसऱ्या घोटानंतर हात लावू नये. तिसरा प्रकार शास्त्रीय संगीत. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आपल्याच जिल्ह्यातलं, आणि बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात चांगलं गाणं ऐकण्याची सवय घराघरांत आहे. ख्याल एका मिनिटात कापला की त्यातलं काहीच उरत नाही. तो ऐकायचा तर मिक्स संपल्यावर, पूर्ण.

क्रम लावताना पहिल्या भागात ओळखीची, सोबत गाता येतील अशी गाणी घ्या. लोक अजून येत असतात, गप्पा चालू असतात. दुसरा भाग सगळ्यात वेगाचा ठेवा. तिसऱ्या भागात वेग हळूहळू उतरवा आणि शेवटची पाच गाणी अशी निवडा की नाचणारे आपसूक खाली बसतील. रात्र शेवटाकडे वर चढवत नेण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण घेतलेल्या बिअरचा खरा परिणाम त्याच वेळी जाणवायला लागलेला असतो.

कुठलं मिनिट?

सगळी कला इथे आहे, आणि नवखे नेमकी इथेच घाई करतात. गाण्याचं पहिलं मिनिट उचलून लावलं की मिक्स मेला. आपल्या सिनेगीतांना सुरुवातीची वाद्यांची तुकडी बरीच लांब असते, कधी कधी तीस-चाळीस सेकंदांची. माणसं गाणं ओळखेपर्यंत मिनिट संपलेलं असतं.

मुखडा, मधलं संगीत, अंतरा आणि पुन्हा मुखडा, ही बहुतेक गाण्यांची बांधणी. त्यातून दोन जागा शोधा. एक, मुखड्याच्या चार-पाच सेकंद आधीपासून पुढचं मिनिट. वाद्यांच्या त्या शेवटच्या तुकड्यावर लोक गाणं ओळखतात, माना वळतात, आणि मुखडा सुरू झाला की सगळे एकदम गायला लागतात. दुसरी जागा अंतऱ्याच्या शेवटच्या ओळी आणि परतीचा मुखडा. ज्या गाण्याचा अंतरा मुखड्याइतकाच लोकांच्या तोंडी आहे, तिथे ही जागा पहिलीपेक्षा सरस ठरते.

मग प्रश्न ठेक्याचा. समजा केरवा ताल आहे, म्हणजे आठ मात्रांचं एक आवर्तन, आणि लय मिनिटाला १२० मात्रांची. साठ सेकंदांत १२० मात्रा, म्हणजे बरोबर पंधरा आवर्तनं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू केलंत तर मिनिट समेवरच संपतं. पण लय १०० ची असेल तर साडेबारा आवर्तनं होतात आणि गाणं आवर्तनाच्या मधोमध तुटतं. दादऱ्याच्या सहा मात्रांत हाच घोळ वेगळ्या लयींना होतो. मिनिट तर नेमकं साठ सेकंदांचंच हवं. अशा वेळी सुरुवात समेवर ठेवा आणि शेवट हळूहळू विरवा. सुरुवात अर्ध्या मात्रेनेही चुकली तर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. शेवट मात्र दोन सेकंदांत विरत गेला तर कानाला खटकत नाही, कारण तोवर पुढचं गाणं आलेलं असतं.

सम शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. हाताने टाळी देत ऐका, ढोलक किंवा तबल्याचा भरीव ठोका जिथे पडतो तिथली वेळ वहीत लिहा. वहीत प्रत्येक गाण्यापुढे गाण्याचं नाव, भाषा, सुरुवातीची वेळ आणि लय हळू-मध्यम-जलद यांपैकी कुठली, एवढं असलं की कापण्याचं काम निम्म्यावर येतं.

फाइल आणि सॉफ्टवेअर

स्वतःकडच्या सीडीवरून उतरवलेली किंवा विकत घेऊन डाउनलोड केलेली गाणी वापरा. गाण्यांच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं त्या ॲपपुरतं कुलूपबंद असतं, ते बाहेर काढून कापता येत नाही. तयार मिक्स दोस्तांच्या बैठकीपुरता ठेवा, इंटरनेटवर चढवू नका. ती गाणी आपल्या मालकीची नाहीत.

कापायला ‘ऑडॅसिटी’ घ्या. २००० सालापासून चालत आलेलं, फुकट आणि मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे, जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं. खाली दिलेली मेन्यूची नावं त्याचीच आहेत. आवृत्तीप्रमाणे त्यांची जागा थोडी इकडेतिकडे होते.

कापणं

साठही गाणी एकाच प्रोजेक्टमध्ये कोंबू नका, लॅपटॉप दमतो आणि तुम्हीही. वीस-वीस गाण्यांचे तीन प्रोजेक्ट करा, एका भागाला एक. क्रमाप्रमाणे फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला आणि वीसही एकदम ‘इम्पोर्ट’ करा. प्रत्येक गाणं स्वतंत्र पट्टीवर (ट्रॅकवर) येतं.

खालच्या सिलेक्शनच्या चौकटीत ‘स्टार्ट अँड लेंग्थ’ हा पर्याय निवडा. वहीतली सुरुवातीची वेळ स्टार्टमध्ये, लेंग्थमध्ये एक मिनिट. नेमका तेवढाच भाग निवडला जातो. सम बरोबर पकडली आहे ना, हे पहिली पाच सेकंदं ऐकून बघा, लागलं तर सुरुवात थोडी सरकवा. मग ‘ट्रिम’, म्हणजे कंट्रोल आणि टी. बाकीचं गाणं जातं, मिनिट उरतं. सुरुवातीच्या दोन दशांश सेकंदांना ‘फेड इन’ द्या, म्हणजे आवाज हळूहळू चढतो, नाहीतर जोडावर टिक असा आवाज येतो. शेवटच्या दोन सेकंदांना ‘फेड आउट’.

गाणी जोडण्याच्या आधी आवाज सारखे करायचे, हा क्रम उलटा करू नका. साठ-सत्तरच्या दशकातलं रेकॉर्डिंग हळू वाजतं आणि आजकालचं कानठळ्या बसवतं. सगळ्या पट्ट्या निवडून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावा आणि पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ठेवा. गाणी वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतील तर प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातो. एकदा जोडून एकच पट्टी झाली की सगळ्यांचा मिळून एकच आवाज मोजला जातो आणि हळू गाणं हळूच राहतं. यानंतरही एखादं जुनं गाणं फिकं वाटलं तर बहुधा त्यात खर्ज कमी असतो. आवाज वाढवण्यापेक्षा इक्वलायझरने खालचे सूर थोडे उचला.

आता ‘अलाइन एंड टु एंड’. वीसही तुकडे एकामागोमाग रांगेत लागतात. एकूण लांबी बरोबर वीस मिनिटं दिसली पाहिजे. तीन-चार सेकंदांचा फरक असेल तर कुठला तरी तुकडा चुकला आहे, तो आत्ताच शोधा. त्यानंतर ‘मिक्स अँड रेंडर’ करून एकच पट्टी करा.

हलगीची थाप

गाणं दर मिनिटाला बदलतं पण घोट तिसऱ्या मिनिटालाच, म्हणून घोटाची खूण वेगळी आणि ठसठशीत हवी. लोक बीप किंवा भोंगा लावतात, कानाला वाईट. आपल्याकडे हलगी असताना भोंगा कशाला? गल्लीत कुणीतरी वाजवणारा असतोच. त्याला विचारून, बंद खोलीत, मोबाइल हातभर लांब ठेवून रेकॉर्ड करा: तीन सेकंद कडकडाट आणि शेवटी एक मोकळी थाप. कडकडाट ऐकून ग्लास उचलायचा, थापेला प्यायचं. ज्याने वाजवलं त्याला बैठकीला बोलवायला विसरू नका.

देवळातली घंटा किंवा शंख खूण म्हणून वापरू नये. कारण वर सांगितलंच आहे.

खुणा हाताने मोजत बसू नका. ‘रेग्युलर इंटरव्हल लेबल्स’ मध्ये अंतर १८० सेकंद दिलं की दर तीन मिनिटांना खूणचिठ्ठी लागते. गाण्यांच्या पट्टीच्या बरोबर खाली नवी पट्टी घ्या, तिच्यावर हलगी अशी चिकटवा की शेवटची थाप चिठ्ठीवर पडेल आणि कडकडाट त्याच्या आधी. असं सहा वेळा. मग गाण्यांची पट्टी निवडून ‘ऑटो डक’ लावा. हे साधन खालच्या पट्टीवर आवाज आला की वरचं गाणं आपोआप दबवतं आणि हलगी थांबली की परत वर आणतं. हलगी गाण्यातून उठून आली पाहिजे, पण गाणं पूर्ण गडप होता कामा नये. प्रत्येक भागात अठराव्या मिनिटानंतरची दोन मिनिटं बिनथापेची जातात, तीच विश्रांतीची नांदी.

विश्रांती आणि जोडणी

दोन विश्रांतींसाठी प्रत्येकी एक पूर्ण गाणं निवडा, न कापलेलं, पाच मिनिटांच्या आसपासचं, शांत. वीस मिनिटं तुकडे ऐकल्यावर पूर्ण गाणं कानाला फार बरं वाटतं आणि लोक खरोखर ऐकतात. या वेळात सगळ्यांनी ग्लासभर पाणी प्यायचं आणि खायचं. विश्रांतीच्या सुरुवातीला कुणाच्या तरी आवाजात ‘पाणी प्या रे, जेवण घ्या’ एवढं रेकॉर्ड करून घाला. घरातल्या एखाद्या काकूंनी म्हटलं तर कुणी टाळत नाही.

तिन्ही भाग डब्ल्यूएव्ही म्हणून बाहेर काढा, चौथ्या नव्या प्रोजेक्टमध्ये विश्रांतीच्या गाण्यांसह ओळीने लावा, सगळं मिळून शेवटी १९२ केबीपीएसचा एमपीथ्री करा. सत्तर मिनिटांची फाइल साधारण १०० एमबीची होते. डब्ल्यूएव्हीच ठेवली तर साडेसातशेच्या जवळ जाते. गच्चीवरच्या स्पीकरवर दोन्हींत फरक कळत नाही.

फाइल झाली की एकदा सलग, घरकाम करता करता ऐका. लॅपटॉपसमोर बसून नको. ज्या जोडावर हातातलं काम थांबतं, तो जोड पुन्हा करायचा.

बैठकीच्या संध्याकाळी

मिक्स दोन फोनांवर ठेवा, मूळ फाइल उतरवून. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजचा भरवसा नसतो. वाजवणारा फोन विमान मोडवर टाका, एक कॉल आला की साऱ्या वेळेचं गणित विस्कटतं. शक्य तर वायरने जोडा. लाईट गेली तर स्पीकर इन्व्हर्टरवर चालतो का ते दुपारीच बघा, विशेषतः पावसाळ्यात.

आधी जेवण हवं. नुसते चिरमुरे-शेंगदाणे जेवण नव्हे. भात-आमटी, भाकरी, काहीतरी पोटभर. कुंदा शेवटी ठेवा.

बिअर कर्नाटकातलीच घ्या. स्वस्त मिळते म्हणून गोव्याहून चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या वाटेने परवान्याशिवाय बाटल्या आणणं हा गुन्हा आहे आणि तपासणी होते. २१ वर्षांखालच्या कुणाच्याही हाती बिअर नको, आणि ज्याला औषधं चालू आहेत त्यानेही सरबतावरच राहावं. खेळातून कधीही उठायची सगळ्यांना मुभा आहे, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा. चुकलेला घोट नंतर भरून काढायचा नसतो, हेही सांगा.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर बंदी आहे, ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून लागू आहेत. साडेआठला सुरू केलंत तर नऊ चाळीसला मिक्स संपतो आणि शेजाऱ्यांची झोपही राहते.

गाडीचं आधीच ठरवा. आपल्या कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि आपल्या या कमी मापाच्या खेळातही ती रेषा सहज ओलांडली जाते. निपाणीकडे जाणारा असो की हिंडलग्याला, प्यायलेल्याने किल्लीला हात लावायचा नाही. सरबतावर असलेला कुणी सोडायला जाणार की सगळे तिथेच झोपणार, हे पहिल्या थापेआधी पक्कं हवं.

कुणी हलवूनही उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, अंग गार पडलं असेल किंवा अर्धवट शुद्धीत उलट्या होत असतील तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा, एकटं ठेवू नका, १०८ ला फोन करा. मिक्स तिथेच बंद.

ऑडॅसिटीचे चारही प्रोजेक्ट आणि वही जपून ठेवा. पुढच्या वेळी सगळं नव्याने करावं लागत नाही. प्रत्येक भागातली पाच-सहा गाणी बदलली, सम पुन्हा जुळवली आणि नवी फाइल काढली की झालं. बैठकीत कुठल्या गाण्याला सगळे उठले आणि कुठल्या गाण्याला गप्पा सुरू झाल्या, हे दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत टिपलं असेल तर ती पाच-सहा गाणी कुठली, हे लगेच कळतं.